सोनबाचं नाक आणि बिरोबाची आमटी

वरकुट्याच्या सोनबाचं नाक दिसायला अगदीच मामुली होतं. बाकीचा चेहरा घडवून झाल्यावर देवाच्या बोटांना जे पीठ चिकटून राहिलं, ते झटकून टाकण्याऐवजी त्यानं सोनबाच्या डोळ्यांच्या मधोमध दाबून दिलं असावं. बसकं, रुंद आणि टोकाला भज्यासारखं फुगलेलं. रस्त्यात भेटलेल्या माणसानं त्या नाकाकडे दुसऱ्यांदा पाहिलं नसतं. पण ज्यानं ते नाक कामाला लागलेलं पाहिलं, तो ते विसरला नाही.

संध्याकाळी सोनबा दारातल्या दगडावर बसायचा, वारा जिकडून येईल तिकडे तोंड करून. शेजारचा दत्तोबा शेतावरून आला की सोनबा त्याला घरात जाण्याआधीच गाठायचा.

"दत्तोबा, आज तुज्यात वांगं हाय."

"असंल."

"असंल न्हाय, हायच. आन कूट जुन्या शेंगदाण्याचं घातलंय. खवाट."

दत्तोबा आत जायचा, आतून भांड्यांचा आवाज यायचा, आणि थोड्या वेळानं तो बाहेर येऊन कबूल करायचा, की व्हय, कूट डब्याच्या तळातलं होतं. शेवटी दत्तोबाच्या बायकोनं सोनबाच्या बाजूची खिडकी गोणपाट लावून बंद करून टाकली. तिचं म्हणणं असं, की माझ्या घरात काय शिजतंय ते मला कळायच्या आधी ह्यांना कळतं, म्हणजे मी चुलीपुढं बसायचं तरी कशाला?

धंद्यानं सोनबा काही आचारी नव्हता. बापाच्या वेळी घरात मेंढरं होती. ती हळूहळू गेली, थोडं रान आलं, रानात ऊस आला, मुलगा साखर कारखान्यात लागला आणि तिकडच्या कॉलनीत राहायला गेला. घरात सोनबा आणि त्याची बायको प्रयागबाई. पण गावात लग्न असो, बारसं असो, आमटीच्या काहिलीपाशी सोनबाच लागायचा. आणि या सगळ्या मानाचा कळस म्हणजे चैत्रातला बिरोबाचा भंडारा. त्या दिवशी माळावरच्या देवळापुढे सगळं गाव जेवायचं. लापशी, भात, भाकरी आणि भाजलेल्या धान्याच्या येसराची आमटी.

आता त्या आमटीची एक अडचण होती. देवाला निवद दाखवल्याशिवाय ती कुणी जिभेला लावायची नाही. थेंबसुद्धा नाही. लावली तर उष्टी झाली, आणि उष्टी आमटी बिरोबापुढे न्यायची म्हणजे पुढचं वर्षभर गावात काय काय होईल याची यादी म्हाताऱ्यांकडे तयार असे. मग एवढ्या मोठ्या काहिलीत मीठ किती, हे कळायचं कसं? तर ते सोनबाच्या नाकाला कळायचं.

मिठाला कुठे वास असतो का, असं शिकलेला माणूस विचारील. सोनबाला एका पाहुण्यानं विचारलंही होतं. सोनबाचं म्हणणं असं, की मिठाला वास नसतोच. पण अळणी आमटीची वाफ नवख्या जावयासारखी दारातच घुटमळते, आणि मीठ लागलेली वाफ घरच्या माणसासारखी सरळ आत येऊन बसते. हे बोलून तो काहिलीवरचं झाकण सरकवायचा, हातानं वाफ नाकाकडे ओढायचा आणि डोळे मिटायचा. भोवतालची बोलणी आपोआप थांबायची. रडणारं पोर आईच्या खांद्यावर गप व्हायचं. मग सोनबा डोळे उघडून म्हणायचा, "आजून दोन मुठी." त्या दोन मुठी पडायच्या आणि सगळ्या माळाला हायसं वाटायचं.

गावात सोनबाला दुसरी ओळख नव्हती. ऊस त्याच्यापेक्षा सगळ्यांचाच बरा यायचा.

शहाण्णव-सत्त्याण्णवच्या सुमाराची गोष्ट. पौषातल्या थंडीत सोनबाला पडसं झालं. साधंच पडसं, पण अंगात ताप मुरला आणि तो चांगला आठवडाभर गोधडीत पडून राहिला. मग एका सकाळी ताप उतरला, डोकं हलकं झालं, आणि सोनबा उन्हाला येऊन बसला. प्रयागबाई अंगणात भांडी घासत होती, नाकातोंडाला पदर गच्च बांधून.

"का गं, पदर कशापायी?" सोनबानं विचारलं.

"कशापायी म्हंजी? मळी सोडलीया कारखान्यानं. डोकं उठलंय माजं सकाळधरनं."

मळीचा वास म्हणजे काय प्रकार असतो हे त्या भागातल्या माणसाला सांगावं लागत नाही. वारा फिरला की तो गावात शिरतो आणि वाळत घातलेल्या कपड्यांत मुक्काम करतो. सोनबानं छाती भरून श्वास घेतला. गार हवा आत गेली आणि गार हवाच बाहेर आली.

 तो उठला, घरात गेला, हिंगाची डबी उघडून नाकाला लावली. नंतर लसूण चेचला. नंतर कंदिलाचं रॉकेल हुंगलं. हुंगता हुंगता ते थोडं मिशीला लागलं आणि नंतर दिवसभर प्रयागबाई म्हणत राहिली, की तुमी जवळ येऊ नगा, चूल पेटलीया.

शेवटी तो दत्तोबाच्या गोठ्यात गेला. दत्तोबाचा बोकड हा पंचक्रोशीत एक प्रसिद्ध बोकड होता. त्याच्या गोठ्यावरून जाताना सायकलवालेही पायडल जोरात मारायचे. सोनबा त्याच्याजवळ गेला, मानेला हात घातला आणि त्याच्या अंगात नाक खुपसून उभा राहिला. बोकडालाही असा अनुभव नवा होता. तो स्तब्ध झाला.

"इकायचा न्हाय त्यो," पाठीमागून दत्तोबा म्हणाला.

"मी कुठं मागतोय?"

"मंग गळ्यात गळा घालून काय चाललंय? पावना हाय का तुजा?"

सोनबा काहीतरी पुटपुटला आणि परत आला. बोकडाला वास नव्हता. म्हणजे नक्कीच आपल्याला नाक नव्हतं.

घरी येऊन त्यानं माळ्यावरचं बापाचं घोंगडं खाली काढलं. बाप जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. त्या घोंगड्यात मेंढरं होती, पावसात भिजलेली लोकर होती, रानातल्या शेकोट्यांचा धूर होता आणि बापाची तंबाखू होती. वर्षातून एखादवेळी सोनबा ते ऊन दाखवायला म्हणून काढायचा आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून त्यात तोंड घालायचा. आता त्यानं तसंच तोंड घातलं. लोकर गालाला टोचली. बाकी काही नाही. बाप कुठे बाहेर गेला असावा, तसं ते घोंगडं रिकामं होतं.

प्रयागबाई दारात उभी होती. ती मळीनं वैतागली होती, पण नवऱ्याचं तोंड बघून तिनं पदर सोडला.

"काय झालं वो?"

"वास जातोय... म्हंजी गेलाच. कशाचाच येत न्हाय."

"पडसं हाय. यील."

"कुनाला बोलू नगंस."

प्रयागबाई बोलली नाही. पण पडसं गेलं, थंडी गेली, नाक काही आलं नाही.

वास नसला म्हणजे नुसता वास नसतो असं नाही, हे सोनबाला हळूहळू कळत गेलं. दूध उतू जाऊन चूल विझली तरी तो तिथंच बसून बिडी ओढत असायचा. घामेजलेला सदरा तो आनंदानं पुन्हा घालायचा आणि प्रयागबाई मागून तो ओढून काढायची. जेवताना खारट, तिखट, आंबट आणि गोड एवढे चार पाहुणे जिभेवर यायचे, पण घरचं माणूस म्हणून कुणी यायचं नाही. चाकवत की पालक, हे त्याला रंगावरून ओळखावं लागायचं. सगळ्यात वाईट म्हणजे, निमगावच्या बाजारातून घरी परत आल्यावर उंबरठा ओलांडताना, आपण घरी आलो, असं जे आतून वाटायचं, ते वाटेनासं झालं. भिंती त्याच, बायको तीच, पण एस.टी.च्या शेडमध्ये बसल्यासारखं वाटायचं.

प्रयागबाईनं त्याला बारामतीला नाकाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर सज्जन होते. त्यांनी नाकात उजेड पाडून पाहिलं आणि मग एक लहानशी बाटली नाकाखाली धरली.

"कशाचा वास येतोय?"

सोनबानं बाटलीकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं, आणि आयुष्यभराची अब्रू पणाला लावून म्हणाला, "गुलाब."

"लवंगेचं तेल आहे, बाबा."

"मी तेच म्हननार होतो."

डॉक्टर हसले नाहीत. ते म्हणाले, कधीकधी असं होतं. काही जणांचं परत येतं, काही जणांचं नाही. वाट बघायची. येताना एस.टी.त प्रयागबाई म्हणाली, "त्यांच्यापुढं तरी खोटं बोलायचं न्हवतं." सोनबा खिडकीतून ऊस बघत राहिला.

फाल्गुनात दत्तोबाच्या नातीचं बारसं झालं. छकुली नाव ठेवलं. आमटीला अर्थातच सोनबा. बारशाच्या आमटीला देवाची आडकाठी नव्हती, खुशाल चाखता आली असती. पण ज्या माणसानं सगळ्या गावादेखत कधी पळी तोंडाला लावली नाही, त्यानं आता लावायची कशी? त्यानं झाकण सरकवलं, डोळे मिटले, मनातल्या मनात मागच्या बारशाचा अंदाज आठवला आणि म्हणाला, "दीड मूठ." मीठ बरोबर पडलं. सोनबा खुशीत येऊन लोकांशी गप्पा मारत बसला. आणि त्याच्या पाठीमागे, त्याच्याच हाताच्या अंतरावर, आमटी तळाला लागून करपत राहिली. अंगणातल्या बायकांनी माना वर केल्या. बाहेरच्या कुत्र्यानं मान वर केली. सोनबा मात्र ऊसतोडणीच्या गोष्टी सांगत होता.

"सोनबा, लागलीया की रं!" दत्तोबा ओरडला.

"कोन?"

"आमटी! आनखी कोन?"

पंगतीत कुणी काही बोललं नाही. पण बोलायचं ते देवळात बोललं गेलं. भंडाऱ्याचं सगळं तात्याबा बघायचे. ते वयानं मोठे, बोलायला गोड आणि नव्या गोष्टींचे शौकीन. पिंपळीला एका लग्नात त्यांनी केटररची माणसं पाहिली होती. डोक्यावर पांढऱ्या टोप्या, गॅसच्या शेगड्या, हातात मोजे. तेव्हापासून त्यांच्या मनात त्या टोप्या घर करून होत्या. ते सोनबाच्या दारात येऊन बसले.

"सोनबा, ह्या साली तू आराम कर म्हनतो मी. पिंपळीची मानसं येत्यात. तू नुसतं म्होरं बसायचं, नारळ घ्यायचा."

"नारळ मानसाला म्हातारा झाल्याव देत्यात, तात्या."

"तसं न्हवं रं. बारशाला जरा..."

"त्या दिशी लाकडं वली हुती." सोनबा म्हणाला, "ह्या साली मी करतो. बिघडली, तर पुढच्या साली तुमची टोपीवाली मानसं आना. मी सोता त्यांला पानी वतीन."

तात्याबांनी ते मान्य केलं. सोनबानं बोलून टाकलं खरं, पण रात्रीची भाकरी त्यानं अर्धीच खाऊन ठेवली. चुलीपुढून उठल्यावर प्रयागबाई म्हणाली, "सांगून टाका की. नाकच गेलंय, अब्रू न्हाय."

"माजं दोनी एकच हाय," सोनबा म्हणाला.

भंडाऱ्याच्या दिवशी माळावर सकाळपासून धूर होता. काहील चढली. सोनबानं धोतर खोचलं, डाळ शिजवली, येसूर कालवला, फोडणी अशी दिली की तिचा आवाज देवळाच्या मागे बसलेल्यांनाही ऐकू गेला. रंग बरोबर आला. दाटपणा पळीवरून बरोबर पडत होता. जेवढं डोळ्यांना आणि हातांना कळतं तेवढं सगळं ठीक होतं. बारशाचा धडा म्हणून तो काहिलीपासून हलला नाही आणि उलथन्यानं तळ खरडत राहिला. त्याचं कौतुक करायला दत्तोबा शेजारी उभा होता.

"आज बोकडाला आनायचं का रं भेटीला?"

"तू जरा गप ऱ्हा."

अडचण मिठापाशी आली. मागच्या साली दोन मुठी वरून लागल्या होत्या. पण यंदा आमटी जास्त होती, कारण शेजारच्या वाड्यांनाही बोलावणं गेलं होतं. आणि मीठही नेहमीचं खड्याचं नव्हतं. तात्याबांनी हौसेनं पिशवीतलं बारीक मीठ आणलं होतं. त्याची मूठ किती आणि खड्याची मूठ किती, हे सोनबाच्या हाताला माहीत नव्हतं. आधी थोडं घातलं होतंच. आता ते पुरे होतं, की अर्धं, की जास्तच, हे फक्त वाफ सांगणार होती.

त्यानं झाकण सरकवलं. हातानं वाफ ओढली. डोळे मिटले.

माळ गप झाला. पंगतीत बसलेली माणसं गप झाली. भाकरी थापणाऱ्या बायकांचे हात थांबले. देवळाच्या दाराशी निवदाचं ताट घेऊन पुजारी बिरू उभा राहिला. सोनबाच्या तोंडावर गरम पाण्याची वाफ येत होती, आंघोळीच्या बंबासारखी. तिला ना मिरची होती, ना धणे, ना मीठ. तो तसाच उभा राहिला. नेहमीपेक्षा जास्त वेळ उभा राहिला. मग आणखी थोडा. "दोन मुठी" हे शब्द जिभेच्या टोकावर होते. ते बोलले की सुटका होती, निदान वाढप होईपर्यंत. त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. गावाचं जेवण होतं. देवाचं होतं.

त्यानं डोळे उघडले.

"तात्या," तो म्हणाला, "मला वास येत न्हाय."

"कशाचा?"

"कशाचाच. पौषापासनं. बारशाला लाकडं वली न्हवती. माजं नाक गेलंय."

 दत्तोबाच्या डोक्यात तेवढ्यात लख्ख उजेड पडला. "आरं, म्हनून त्या बोकडाला..." असं तो म्हणाला आणि त्याच्या बायकोनं त्याला कोपरानं ढोसलं.

तात्याबा गोंधळले. पिंपळीची माणसं पुढच्या साली यायची ते ठीक, पण आत्ता काय? काहील उकळतेय, गाव बसलंय. वास घेऊन मीठ सांगणारं दुसरं नाक गावात नव्हतं. दोन-तीन जणांनी पुढे येऊन वाफ हुंगून पाहिली. एक म्हणाला बरोबर हाय, एक म्हणाला कमी हाय, आणि तिसऱ्याला जोराची शिंक आली.

"चाखून बघा की जरा," मागून कुणीतरी म्हणालं.

"गप रं! निवदाआदी?" म्हातारे एका आवाजात म्हणाले.

तेव्हा भाकरी थापणाऱ्या बायकांतून प्रयागबाई उठली. पिठाचे हात तिनं लुगड्याला पुसले. भर माणसांत मोठ्यानं बोलायची तिला सवय नव्हती, म्हणून ती नवऱ्याकडे बघून बोलली, घरात बोलल्यासारखी.

"अवो, निवद आत्ताच न्हेऊन दावा की. देव जेवला की मंग ही आमटी परसाद झाली. परसाद चाखायला कुनाची आडकाठी हाय?"

सगळे तात्याबांकडे बघू लागले. तात्याबा आभाळाकडे बघू लागले. इतक्या पिढ्यांत हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. आमटी पुरी झाली की निवद, असंच चालत आलं होतं.

"पर देवाला अळणी गेली तर?" तात्याबांनी हळूच विचारलं.

त्याला उत्तर बिरूनं दिलं. तो जातिवंत पुजारी. देवाच्या वतीनं बोलायचा अधिकार त्याचाच. "तात्या, देव मीठ बघत न्हाय. आन खरं सांगायचं तर निवदाचं ताट नंतर मीच जेवतो. सोनबा आबांची आमटी दर साली झ्याक असती आसं काय न्हाय. एका साली तर पान्यावानी आळणी हुती. परसादाला नाव कोन ठेवतंय?"

सोनबा चमकला. "कंच्या साली?"

"ऱ्हाऊ द्या की आता, आबा."

"न्हाय, कंच्या साली त्ये सांग!"

"निवद न्या आदी!" तात्याबा ओरडले.

बिरू ताट घेऊन आत गेला. घंटा वाजली. हळदीचा भंडारा उधळला गेला, माळावर पिवळा रंग उडाला. बिरू बाहेर आला आणि त्यानं मान हलवली. देव जेवला होता.

सोनबानं पळी भरली. भर गावासमोर, आयुष्यात पहिल्यांदा, त्यानं काहिलीतली आमटी तळहातावर घेतली आणि जिभेला लावली. नाक गेलं होतं, पण जीभ जागेवर होती. मीठ तिला कळलं.

"तीन मुठी," तो म्हणाला. थोडं थांबून म्हणाला, "भरून."

मीठ पडलं. उलथनं फिरलं. त्यानं पुन्हा चाखलं आणि पंगतीकडे हात केला. वाढपी धावले. तात्याबांनी पहिला भुरका मारला, दुसरा मारला, आणि पिंपळीच्या माणसांचं नाव त्यानंतर त्यांच्या तोंडातून आलं नाही. उलट शेजारच्याला ते सांगू लागले, की निवद आधी दाखवायचा ही मूळची आपल्याच आजोबांची रीत, मधे मोडली होती.

सगळं गाव जेवून उठल्यावर सोनबा काहिलीच्या सावलीला जेवायला बसला. प्रयागबाई ताट घेऊन शेजारी बसली. त्यानं भात कालवला. खारट होतं, तिखट होतं, आणि त्यापलीकडे काही नव्हतं.  मग त्यानं बायकोला विचारलं,

"वास कसा आलाय गं?"

"चांगला आलाय."

"चांगला म्हंजी?"

प्रयागबाईनं घास तोंडात ठेवला, डोळे मिटले आणि विचार केला. "येसूर म्होरं हाय. त्येच्यामागं धनं. खोबरं भाजलेलं कळतंय. आन धूर लागलाय जरा."

"धूर? कुठला धूर?"

"आता लागलाय त्यो लागलाय."

"मी काहिलीपासनं हललो न्हाय! बाभळीची वाळली लाकडं घातली! धूर लागंलच कसा?"

"मला काय विचारता? मला वास येतोय म्हनून सांगितलं."

"तुला वासातलं काय कळतंय?" सोनबा उसळून म्हणाला, आणि त्याच दमात ताटातला भात संपवू लागला.

"बरं, न्हाय लागला," प्रयागबाई म्हणाली, आणि त्याच्या ताटात आणखी एक पळी आमटी वाढली.